स्वरलिपीविना स्वरविश्व : ग्रीक संगीतकार व्हँगेलिस यांची कारकीर्द

व्हँगेलिस या एकाच नावाने जगाला परिचित असलेले ग्रीक संगीतकार, वादक आणि ध्वनिमुद्रिका-निर्माते एव्हान्गेलोस ओदिसेआस पापाथानासिऊ (२९ मार्च १९४३ – १७ मे २०२२) यांनी सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याला चित्रपटसंगीतात मानाचे स्थान मिळवून दिले. ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ (१९८१) या चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘ब्लेड रनर’च्या संगीताने विज्ञानपटाला कसा आवाज असावा, याविषयीची कल्पनाच बदलून टाकली. पन्नास वर्षांहून अधिक काळ संगीतरचना करणाऱ्या या कलावंताला पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नव्हती आणि लिहिताही येत नव्हती. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते.

हा तपशील केवळ नवल म्हणून सांगण्याजोगा नाही. व्हँगेलिस यांनी वाद्यवृंद का सोडले, स्वतःचा स्टुडिओ का उभारला, जगभर दौरे का टाळले, त्यांचे गाजलेले संगीत वर्षानुवर्षे बाजारात का आले नाही, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्यांच्या काम करण्याच्या पद्धतीशी येऊन भिडतात. आणि ती पद्धत स्वरलिपीच्या अभावातूनच घडली होती.

बालपण आणि पियानो

वोलोस या ग्रीक बंदराजवळच्या आग्रिया या गावी व्हँगेलिस यांचा जन्म झाला आणि ते अथेन्समध्ये वाढले. वयाच्या चौथ्या वर्षापासून ते घरातल्या पियानोवर स्वतःच्या मनाने वाजवू लागले. मुलाचा कल पाहून आईवडिलांनी त्याला शिकवणीला घातले. परंतु समोरच्या कागदावरील स्वरचिन्हे वाचत असल्याचा बहाणा करून तो प्रत्यक्षात ऐकलेले आठवून वाजवीत असे. शिकवणी फार काळ टिकली नाही. पियानोच्या तारांवर खिळे आणि स्वयंपाकघरातील भांडी ठेवून त्यातून कसे आवाज निघतात ते पाहणे, रेडिओची सुई दोन केंद्रांच्या मधोमध ठेवून खरखर ऐकत बसणे, असे त्याचे उद्योग चालत. पुढे सिंथेसायझर हाती आला तेव्हा त्या वाद्याकडून काय काढून घ्यायचे, याची तयारी अशी लहानपणीच झाली होती.

भारतीय वाचकाला यात कदाचित फारसे आश्चर्य वाटणार नाही. आपल्याकडे भातखंडे आणि पलुस्कर यांनी स्वरलेखनाच्या पद्धती रूढ केल्या तरी मैफलीचा गवई कागद समोर ठेवून गात नाही; बंदिश कंठात असते आणि उपज त्या क्षणी सुचते. पाश्चात्त्य चित्रपटसंगीताचे जग मात्र वेगळे होते. तेथे संगीतकार आधी कागदावर लिहितो, मग साठ-सत्तर वादक ते वाचून वाजवितात आणि ध्वनिमुद्रण होते. ज्याला लिहिता येत नाही, त्याला या साखळीत शिरण्याची वाटच नव्हती. शिवाय गवयापाशी गुरू असतो. व्हँगेलिस यांच्यापाशी तोही नव्हता.

अथेन्स ते पॅरिस

साठच्या दशकाच्या प्रारंभी मित्रांसमवेत त्यांनी ‘द फॉर्मिंक्स’ हा वाद्यवृंद काढला. होमरच्या काव्यात उल्लेख असलेल्या एका प्राचीन तंतुवाद्याचे हे नाव. हॅमंड ऑर्गन वाजविणारा हा तरुण अल्पावधीत ग्रीसमध्ये लोकप्रिय झाला. १९६६ मध्ये हा वाद्यवृंद विसर्जित झाल्यानंतर त्यांनी इतर गायकांसाठी निर्मिती केली आणि काही ग्रीक चित्रपटांना संगीतही दिले.

एप्रिल १९६७ मध्ये ग्रीसची सत्ता लष्करी अधिकाऱ्यांनी बळकावली. पुढल्या वर्षी व्हँगेलिस यांनी गायक देमिस रुसोस आणि तालवादक लुकास सिदेरास यांच्यासह देश सोडला. गाठायचे होते लंडन. परंतु ब्रिटनमध्ये प्रवेश मिळाला नाही आणि मंडळी पॅरिसला अडकली. तेथे मे १९६८ चे विद्यार्थी आंदोलन आणि कामगारांचा संप ऐन भरात होता. अशा बंद पडलेल्या शहरात ‘अ‍ॅफ्रोडाइट्स चाइल्ड’ हा त्यांचा वाद्यवृंद उभा राहिला. जर्मन रचनाकार पाखेलबेल यांच्या सुप्रसिद्ध ‘कॅनन’च्या आधारे बांधलेले ‘रेन अँड टीअर्स’ हे गाणे त्याच वर्षी युरोपभर गाजले.

यश मिळाले, तसा कंटाळाही आला. तीच गाणी रोज रात्री नव्या गावात वाजविण्यात व्हँगेलिस यांना रस नव्हता. इतर दोघे मंचावर कार्यक्रम करीत असताना ते पॅरिसच्या स्टुडिओत थांबू लागले. यातून १९७२ मध्ये ‘६६६’ हा जोडअल्बम निघाला. बायबलमधील ‘प्रकटीकरण’ या अखेरच्या पुस्तकावर आधारलेली ही रचना. शब्द कोस्तास फेरिस यांचे, संगीत आणि निर्मिती व्हँगेलिस यांची. त्यातील एका भागात अभिनेत्री इरीन पापास यांनी एकच वाक्य कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत नेले आहे. ध्वनिमुद्रिका कंपनीने या भागाला हरकत घेतली आणि तयार झालेला अल्बम दीर्घकाळ पडून राहिला. तो प्रसिद्ध होईपर्यंत वाद्यवृंद फुटला होता. रुसोस एकल गायक म्हणून प्रचंड लोकप्रिय झाले. व्हँगेलिस यांनी मात्र या प्रकरणातून कंपन्यांविषयीचा अविश्वास तेवढा सोबत नेला, आणि तो अखेरपर्यंत टिकला.

त्यांना खरी वाट सापडली ती प्राण्यांवरील माहितीपटांत. फ्रेंच दिग्दर्शक फ्रेदेरिक रोसिफ यांच्या ‘लापोकालिप्स देझानिमो’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी त्यांनी दिलेले संगीत १९७३ मध्ये अल्बमरूपाने निघाले. चित्र पडद्यावर चालू आहे आणि त्याकडे पाहत संगीतकार वाजवीत आहे, ही पद्धत येथे रुळली. धावणाऱ्या प्राण्याला संवाद नसतात. त्यामुळे संगीतालाच बोलावे लागते. रोसिफ यांच्याबरोबरचे हे सख्य ‘ला फेत सोव्हाज’ आणि ‘ओपेरा सोव्हाज’पर्यंत चालले. यांतील शेवटच्या मालिकेतील एक लहानशी रचना पुढे त्यांचे नशीब पालटणार होती.

लंडनमधील कार्यशाळा

१९७४ मध्ये ‘येस’ या ब्रिटिश वाद्यवृंदाला कळफलक वाजविणारा हवा होता. गायक जॉन अँडरसन यांच्या आग्रहाने व्हँगेलिस यांनी काही दिवस त्यांच्याबरोबर सराव केला. जागा मिळण्याजोगी होती, कीर्ती आणि पैसाही होता. पण दौरे पुन्हा गळ्यात पडणार होते. ते सामील झाले नाहीत. त्यांनी लंडनमध्ये मार्बल आर्चजवळच्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत स्वतःचा ‘नेमो’ हा स्टुडिओ उभारला. १९७५ ते १९८७ या बारा वर्षांत त्यांचे बहुतेक महत्त्वाचे काम याच वास्तूत झाले.

नेमोतील मांडणी समजून घेतल्याशिवाय त्यांचे संगीत समजत नाही. खुर्चीभोवती सिंथेसायझर आणि इलेक्ट्रिक पियानो रचलेले असत. पायाशी प्रत्येक वाद्याच्या आवाजाची पातळी कमीजास्त करणारे पायदाब्यांचे खटके. हात एका वाद्यावर असताना पाय दुसऱ्या वाद्याचा आवाज हळूहळू आत आणीत. ज्या कामासाठी इतरांना वाद्यवृंद, नियोजक आणि लिहिलेली पाने लागत, ते काम हा माणूस एका बैठकीत, बसल्या जागी करी. ध्वनिफीत सतत तयार ठेवलेली असे, कारण पहिल्यांदा सुचलेले वादन हेच बहुधा अंतिम वादन ठरे. पुन्हा वाजविताना विचार शिरतो आणि संगीत निसटते, अशी त्यांची धारणा होती.

या मांडणीच्या केंद्रस्थानी होता जपानच्या यामाहा कंपनीचा सीएस-८० हा सिंथेसायझर. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेले हे वाद्य ऐंशी किलोंहून अधिक वजनाचे होते, ते हलवायला माणसे लागत आणि तापमान बदलले की त्याचे सूर ढळत. तरीही व्हँगेलिस यांनी आयुष्यभर त्याचे गुण गायले. कारण समजण्यासाठी आपली पेटी डोळ्यांसमोर आणावी. पेटीची पट्टी एकदा दाबली की स्वर ठरून गेला. त्या एका स्वराला मागाहून आंदोलन देता येत नाही आणि मींड तर नाहीच. तंतकारी अंगाच्या संगीताशी पेटीचे जे जुने भांडण आहे, ते येथूनच सुरू होते. त्या काळच्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक वाद्यांची गत पेटीपेक्षाही वाईट होती, कारण पट्टी हळू दाबली काय किंवा जोरात दाबली काय, आवाज सारखाच येई. सीएस-८० मध्ये पट्टी दाबून ठेवल्यानंतर बोटाचा भार वाढविला तर तेवढाच स्वर उजळे, फुले किंवा थरथरे. शेजारच्या बोटाखालील स्वर मात्र आपल्या जागी शांत राही. कळफलकाच्या वर एक लांब पट्टा होता. त्यावरून बोट सरकविले की स्वर मींडेसारखा घसरत जाई. यंत्रातून निघालेला आवाज श्वास घेतल्यासारखा वाटावा, ही किमया बोटांची होती आणि हे वाद्य बोटांचे ऐकत होते.

नेमोतील पहिला अल्बम ‘हेवन अँड हेल’ (१९७५). इंग्लिश चेंबर क्वायर या गायकवृंदाचे समूहगान आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांचा असा जबरदस्त मेळ त्यापूर्वी क्वचितच ऐकू आला होता. पुढच्या वर्षी ‘अल्बेडो ०.३९’ आला. ग्रहावर पडलेल्या प्रकाशापैकी किती भाग परावर्तित होतो, त्या प्रमाणाला खगोलशास्त्रात ‘अल्बेडो’ म्हणतात. शीर्षकातील आकडा पृथ्वीचा. त्यानंतर ‘स्पायरल’ (१९७७) आणि ‘चायना’ (१९७९) निघाले. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९८० मध्ये ‘कॉसमॉस’ ही तेरा भागांची दूरचित्रवाणी मालिका सादर केली, तेव्हा तिच्या शीर्षकसंगीतासाठी ‘हेवन अँड हेल’मधील एक संथ भाग निवडला गेला. अवकाश म्हटले की एका विशिष्ट प्रकारचे गंभीर, दूरवर पसरत जाणारे सूर आज आपल्या कानात आपोआप वाजतात. त्या सवयीच्या मुळाशी ही मालिका आहे.

जॉन अँडरसन यांच्याशी जुळलेले नातेही फळाला आले. ‘जॉन अँड व्हँगेलिस’ या नावाने दोघांनी काही अल्बम केले. त्यांच्या ‘स्टेट ऑफ इंडिपेंडन्स’ या गाण्याची डॉना समर यांनी १९८२ मध्ये गायलेली आवृत्ती अधिक गाजली. तिचे निर्माते क्विन्सी जोन्स होते. इरीन पापास यांच्या आवाजात ग्रीक लोकगीतांचा ‘ओड्स’ (१९७९) आणि धार्मिक गीतांचा ‘रॅप्सडीज’ (१९८६) असे दोन अल्बम त्यांनी केले. ते बाहेर फारसे ऐकले गेले नाहीत, हे दुर्दैव. व्हँगेलिस यांच्या भव्य रचनांत जो प्रार्थनेचा स्वर वारंवार येतो तो कोठून आला, हे या दोन अल्बमांत स्पष्ट ऐकू येते.

अनवाणी धावणारी मुले

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये धावलेल्या हॅरल्ड अब्राहम्स आणि एरिक लिडेल या दोन ब्रिटिश धावपटूंची कथा दिग्दर्शक ह्यू हडसन आणि निर्माते डेव्हिड पुटनम यांनी चित्रपटासाठी घेतली. अशा काळाच्या चित्रपटाला त्या काळाला साजेसे वाद्यवृंदाचे संगीत द्यावे, हा साधा संकेत. हडसन यांनी तो मोडण्याचे ठरविले आणि सिंथेसायझरवर काम करणाऱ्या व्हँगेलिस यांना बोलाविले. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या किनाऱ्यावर मुले अनवाणी धावतात, त्या दृश्यासाठी ‘ओपेरा सोव्हाज’मधील ‘लांफां’ ही रचना वापरायची, असे हडसन यांच्या मनात होते. याहून चांगले काही देता येईल, असे व्हँगेलिस यांनी त्यांना पटविले आणि नेमोत बसून नवी धून वाजविली. त्यांचे वडील स्वतः धावपटू होते आणि ही धून वडिलांना वाहिलेली असल्याचे त्यांनी नंतर सांगितले. जुनी ‘लांफां’ही चित्रपटात दुसऱ्या प्रसंगी राहिलीच.

धून अगदी साधी आहे. खाली एकच स्वर यंत्राच्या ठोक्यासारखा अखंड चालू राहतो आणि त्यावर पियानो चार-पाच स्वरांचे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो. सर्व वाद्ये एकाच माणसाने वाजविली आहेत. २९ मार्च १९८२ रोजी झालेल्या ऑस्कर समारंभात ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार पारितोषिके मिळाली, त्यांतील एक संगीताचे. स्पर्धेत ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’चे जॉन विल्यम्स होते. त्या दिवशी व्हँगेलिस यांचा एकोणचाळिसावा वाढदिवस होता. ते समारंभाला गेले नव्हते. लंडनमध्ये घरी झोपले होते. मे महिन्यात ही धून अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. शब्द नसलेल्या रचनेला असे स्थान क्वचितच मिळते.

तीस वर्षांनी, २७ जुलै २०१२ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने ही धून वाजविली. ‘मिस्टर बीन’ म्हणून घरोघरी ठाऊक असलेले अभिनेते रोवन अ‍ॅटकिन्सन त्यात एका बोटाने तो अखंड चालणारा स्वर वाजवून वैतागताना दिसले. विनोद जगभर कळला, कारण धून जगभर ठाऊक होती.

या यशाला एक कडवट शेपूटही होते. ग्रीक संगीतकार स्टाव्रोस लोगारिदिस यांच्या ‘सिटी ऑफ व्हायोलेट्स’ या रचनेवरून धून उचलल्याचा आरोप करून दावा दाखल झाला. १९८७ मध्ये लंडनच्या न्यायालयाने निकाल व्हँगेलिस यांच्या बाजूने दिला. कागदावर लिहिणाऱ्या संगीतकारापाशी खोडलेल्या ओळी, बदललेली पाने, तारखा असतात. रचना कशी घडत गेली हे त्याला दाखविता येते. एका बैठकीत वाजवून मोकळे होणाऱ्यापाशी यातले काहीच नसते. आपली पद्धत किती उघड्यावर उभी आहे, हे त्यांना या खटल्याने नक्कीच जाणवले असणार.

बारा वर्षे अडलेला अल्बम

‘ब्लेड रनर’ जून १९८२ मध्ये प्रदर्शित झाला. फिलिप के. डिक यांच्या कादंबरीवर आधारित या चित्रपटात रिडली स्कॉट यांनी २०१९ सालचे, अखंड पावसात भिजणारे लॉस एंजेलिस उभे केले होते. व्हँगेलिस नेमोत चित्रफितीवर एकेक दृश्य पाहत आणि सीएस-८० वर थेट वाजवीत. शहराच्या पहिल्या दर्शनाबरोबर येणारा लांबलचक, थरथरत खाली घसरणारा स्वर हा त्या वाद्याचा जणू परिचयलेखच आहे. डिक मॉरिसी यांच्या सॅक्सोफोनवरील प्रेमधूनेत जुन्या जॅझचा दर्द आहे. एका रचनेत जुने सहकारी देमिस रुसोस यांचा आवाज ऐकू येतो. यंत्रमानवांच्या या कथेला त्यांनी थंड, धातूसारखे संगीत दिले नाही. हे सूर थकलेले, हळवे आणि माणसाचे आहेत. कोण माणूस आणि कोण यंत्र, हा चित्रपटाचा प्रश्न प्रेक्षकाला पडण्याआधीच कानांना पडतो. माझ्या मते त्यांची सर्वांत श्रेष्ठ कामगिरी हीच, ऑस्करविजेत्या संगीताहूनही.

चित्रपट त्या वेळी चालला नाही. अल्बम निघेल, असे चित्रपटाच्या अखेरच्या श्रेयनामावलीत नमूद असूनही तो निघाला नाही. त्याऐवजी १९८२ मध्ये दुसऱ्याच वाद्यवृंदाने वाजविलेली आवृत्ती बाजारात आली. तिच्यात स्वर तेच होते, आवाज मात्र ते नव्हते. आणि व्हँगेलिस यांच्या बाबतीत आवाज हीच रचना असते. ‘ब्लेड रनर’ची कीर्ती वर्षागणिक वाढत गेली तशा चोरट्या प्रती चाहत्यांच्या हातोहात फिरू लागल्या. मूळ संगीताचा अधिकृत अल्बम निघाला तो १९९४ मध्ये, आणि चित्रपटाच्या पंचविशीनिमित्त २००७ मध्ये तीन तबकड्यांचा संच आला. १९८२ साली भारावून गेलेला तरुण श्रोता तोवर पन्नाशीकडे झुकला होता.

याच काळात कोस्ता-गाव्रास यांचा ‘मिसिंग’ (१९८२), कोरेयोशी कुराहारा यांचा जपानी चित्रपट ‘अंटार्क्टिका’ (१९८३) आणि ‘द बाउंटी’ (१९८४) यांचे संगीत त्यांनी केले. हॉलिवूडमध्ये जाऊन स्थायिक होण्याचे मात्र त्यांनी टाळले. १९८७ मध्ये नेमो बंद झाला. त्यानंतर त्यांच्या कामाचा वेग मंदावला.

स्कॉट यांच्याबरोबर ते पुन्हा एकदा एकत्र आले ते ‘१४९२ : कॉन्क्वेस्ट ऑफ पॅरडाइज’ (१९९२) या कोलंबसावरील चित्रपटात. चित्रपट पडला. संगीताचे भाग्य मात्र वेगळे निघाले : जर्मन मुष्टियोद्धे हेन्री मास्के यांनी मैदानात उतरताना ती धून वापरली आणि १९९५ मध्ये ती जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेली. मुष्टियुद्धाच्या रिंगणात समूहगान घुमावे, हे खुद्द संगीतकारालाही सुचले नसते. ऑलिव्हर स्टोन यांचा ‘अलेक्झांडर’ (२००४) हा त्यांचा अखेरच्या मोठ्या चित्रपटांपैकी एक. मायदेशाशी नाते त्यांनी जपले. अथेन्समधील राष्ट्रीय कलादालनाला चित्रकार एल ग्रेको यांचे एक चित्र विकत घेता यावे म्हणून १९९५ मध्ये त्यांनी मर्यादित प्रतींचा अल्बम काढला होता.

आक्षेप आणि आकाश

समीक्षकांनी त्यांना नेहमीच डोक्यावर घेतले असे नाही. संगीत फार गोड, फार भव्य, एकच कल्पना ताणणारे, असे आक्षेप वारंवार घेतले गेले. आणि नव्वदच्या दशकातील काही अल्बमांना ते लागूही पडतात. शांतवनासाठी लावल्या जाणाऱ्या ‘न्यू एज’ संगीताचे प्रणेते म्हणून आपले नाव घेतले गेलेले त्यांना मुळीच आवडत नसे. पहिले सुचलेलेच ठेवायचे या हट्टाची किंमत असते : जेथे एखादा संपादक कात्री चालवील, तेथे व्हँगेलिस पुढे वाजवीत राहतात. स्वतःच्या मर्जीने चालणारा स्टुडिओ असला की ‘आता पुरे’ म्हणणारे तेथे कोणी उरत नाही. ‘ब्लेड रनर’ किंवा रोसिफ यांच्या माहितीपटांत ती कात्री चित्रच चालवीत होते, दृश्य संपले की धून संपत होती. त्यांची चित्रपटातील कामे स्वतंत्र अल्बमांपेक्षा अधिक घट्ट का वाटतात, याचे एक उत्तर यात असावे.

उत्तरायुष्यात त्यांचे लक्ष पुन्हा आकाशाकडे वळले. २८ जून २००१ रोजी अथेन्समधील ऑलिंपियन झ्यूसच्या प्राचीन मंदिराच्या भग्नावशेषांत ‘मिथोडिया’ ही त्यांची समूहरचना सादर झाली. नासाच्या ‘मार्स ओडिसी’ या मंगळमोहिमेशी ती जोडलेली होती. जेसी नॉर्मन आणि कॅथलीन बॅटल या दोन थोर गायिका, लंडन मेट्रोपॉलिटन ऑर्केस्ट्रा आणि मोठा गायकवृंद मंचावर होता. व्हँगेलिस स्वतः कळफलकांच्या मागे बसले होते. वाद्यवृंदासमोरची पाने अर्थातच दुसऱ्याने लिहिली होती. संचालक ब्लेक नीली यांनी ही जबाबदारी सांभाळली. लिहिता न येणाऱ्या रचनाकाराच्या सुरांचे शेवटी कागदावर उतरणे हा या कारकिर्दीतला एक वेधक प्रसंग. पुढच्याच वर्षी दक्षिण कोरिया आणि जपान येथे झालेल्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचे अधिकृत गीतसंगीतही त्यांचेच होते.

युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘रोझेटा’ यानातून सुटलेले ‘फिली’ हे उपकरण नोव्हेंबर २०१४ मध्ये धूमकेतूवर उतरले. त्या मोहिमेवरील ‘रोझेटा’ हा अल्बम २०१६ मध्ये आला. १५ जून २०१८ रोजी भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्या अस्थी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये ठेवण्यात आल्या, तेव्हा हॉकिंग यांच्या आवाजाभोवती व्हँगेलिस यांनी रचलेली एक ध्वनिरचना स्पेनमधील आकाशवेधी अँटेनातून एका कृष्णविवराच्या दिशेने प्रक्षेपित करण्यात आली. शेवटचा अल्बम ‘जुनो टू ज्युपिटर’ (२०२१) गुरू ग्रहाभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानावर होता. त्यात रुमानियाच्या गायिका अँजेला जॉर्जिऊ यांचा स्वर आहे. त्याआधी २०१९ मध्ये ‘नोक्टर्न’ निघाला होता. सारे आयुष्य यंत्रांच्या वेढ्यात घालविलेल्या या वादकाने त्यात मुख्यतः पियानो वाजविला आहे आणि ‘ब्लेड रनर’, ‘चॅरिअट्स ऑफ फायर’मधील जुन्या धुना नव्या रचनांबरोबर पुन्हा हाताळल्या आहेत.

१७ मे २०२२ रोजी पॅरिसमध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दोन दिवसांनी ग्रीसचे पंतप्रधान किरियाकोस मित्सोताकिस यांनी श्रद्धांजली वाहिली, तेव्हा ही वार्ता सर्वदूर पोहोचली. मुलाखती त्यांनी मोजक्याच दिल्या आणि खासगी आयुष्याविषयी जवळपास काहीच सांगितले नाही. रोज वाजवायचे आणि रोज ध्वनिमुद्रित करायचे हा शिरस्ता मात्र त्यांनी सोडला नाही. त्यातील फार थोडे संगीत प्रसिद्ध झाले. उरलेले ध्वनिफितींत आहे आणि त्याची स्वरलिपी कोठेही नाही. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातील ६३५४ क्रमांकाच्या लघुग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.